मद्यमुक्तीची बैठक : योग्य निवडीचे महत्त्व

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेले मनोरी हे कोळी व ईस्ट इंडियन समाजांचे जुने गाव. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असूनही येथून मालाडला जावयाचे तर फेरीबोटीने मार्वे गाठावे लागते. अन्यथा उत्तन-भाईंदरमार्गे मोठा वळसा पडतो. अशा गावातील एखाद्या खलाशाने दारू सोडण्याचा निश्चय केला, तर त्याला नित्याचा आधार कोठे मिळेल, हा प्रश्न वरकरणी लहान दिसतो. खाडीपलीकडील मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, हे ध्यानी घेतल्यास त्याचे गांभीर्य पटेल.

प्रथम वैद्यकीय उपचार

मद्यासक्ती हा दुर्गुण नसून आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास हातापायांना कंप सुटणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार पहिल्या दोन-तीन दिवसांत उद्भवू शकतात. प्रसंगी ते जिवावर बेततात. म्हणून दारू सोडण्याची सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावी. बैठक हा उपचाराला पर्याय नव्हे. मात्र उपचार काही आठवड्यांत आटोपतात, मोह वर्षानुवर्षे टिकतो. तेथे बैठकीचे कार्य सुरू होते.

बैठकांचा उगम

‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ अथवा ‘ए.ए.’ ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी जन्मास आली. बिल विल्सन हा शेअर दलाल व डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही दारूने ग्रासलेले. एका पीडिताने दुसऱ्याशी मोकळेपणाने बोलल्यास दोघांचाही संयम टिकतो, हा अनुभव त्यांना आला. भारतात ही चळवळ १९५७ पासून आहे. सभासदत्वास एकच अट असते : दारू सोडण्याची इच्छा. वर्गणी नाही, आडनाव विचारले जात नाही. खर्च सभासदांच्या ऐच्छिक देणगीतून भागतो. ‘केवळ आजचा दिवस’ दारूविना काढावयाचा, हे तिचे सूत्र. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या २७ अभ्यासांच्या आढाव्यात अखंड मद्यवर्जनाच्या बाबतीत ही पद्धत अन्य उपचारपद्धतींच्या तोडीची, किंबहुना सरस असल्याचे आढळले.

महाराष्ट्रात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत स्थापिलेले कृपा फाउंडेशन आणि डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण यांनी उपचार व सोबत यांची सांगड घातली आहे.

निवड करताना

सर्व बैठका एकसारख्या नसतात. ‘खुल्या’ बैठकीस नातेवाईक, शिक्षक, कार्यकर्ते कोणीही बसू शकतात. ‘बंद’ बैठक केवळ मद्यमुक्ती इच्छिणाऱ्यांसाठी असते. कोठे एकच वक्ता अनुभव सांगतो, कोठे चर्चा होते, कोठे बारा पायऱ्यांचा क्रमवार अभ्यास चालतो. नवख्याने प्रथम खुल्या बैठकीत नुसते ऐकावयास बसावे. बोलण्याची सक्ती नसते.

भाषा ही दुसरी बाब. मनातील शल्य परक्या भाषेत मांडता येत नाही. म्हणून बैठक मराठीत, हिंदीत की इंग्रजीत चालते याची आधी चौकशी करावी. तिसरी बाब वेळेची. शेवटची फेरीबोट चुकेल अशी बैठक कितीही उत्तम असली, तरी माणूस तेथे टिकत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते. हा काळ नियमित हजेरीची सवय लावण्यास सोयीचा. नौका पुन्हा समुद्रात गेल्यावर खंड पडणार, हे गृहीत धरून जुन्या सभासदाशी दूरध्वनीने संपर्क ठेवावा.

चौथी बाब गुप्ततेची. लहान गावात सारे एकमेकांस ओळखतात. काहींना गावातील ओळखीचे चेहरे धीर देतात, तर काहींना खाडीपलीकडील अनोळखी सभागृह सोयीचे वाटते. दोन्ही निवडी योग्यच. बैठक शाळेत वा चर्चच्या दालनात भरते म्हणून ती त्या संस्थेची होत नाही. चळवळीत ईश्वराचा उल्लेख असला, तरी ती कोणत्याही पंथाशी बांधलेली नाही.

पहिल्याच बैठकीत मन रमले नाही, म्हणून ‘हे आपल्यासाठी नव्हे’ असा निष्कर्ष काढणे हीच मोठी चूक ठरते. तीन-चार निरनिराळ्या बैठका पाहून मगच निर्णय घ्यावा. जेथे उपदेशाऐवजी अनुभव ऐकावयास मिळतो, घसरलेल्यास पुन्हा आदराने बसविले जाते आणि पैशांची मागणी होत नाही, ती बैठक चांगली समजावी.

कुटुंब व गावाचे कर्तव्य

व्यसनाची झळ पत्नी व मुलांना अधिक बसते. त्यांच्यासाठी ‘अल-अॅनॉन’ या स्वतंत्र बैठका १९५१ पासून चालत आल्या आहेत. पती बैठकीस येत नसला, तरी पत्नीस तेथे जाता येते.

शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांनी नजीकच्या बैठकांचे स्थळ, वार, वेळ व भाषा यांची माहिती शाळा, दवाखाना व धक्क्यावर लावावी. शाळेची एक खोली आठवड्यातून तासभर उपलब्ध करून द्यावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही शासकीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. कोण बैठकीस जातो, याची चर्चा मात्र गावात होऊ देऊ नये. सोडू पाहणाऱ्या माणसाला आधार द्यावयाचा, तर त्याची लाज राखणे हे गावाचे पहिले काम होय.