उत्परिवर्तित स्नायू-सोडियम वाहिन्यांवरील स्थानिक बधिरकांचा परिणाम

लिडोकेन (लिग्नोकेन) यांसारखी स्थानिक भूल देणारी औषधे, म्हणजेच स्थानिक बधिरके, पेशीपटलातील सोडियम वाहिन्या रोखून धरतात. कंकाल स्नायूंमधील सोडियम वाहिनीत उत्परिवर्तन झालेले असल्यास या औषधांचा परिणाम बदलू शकतो. काही आनुवंशिक स्नायुविकारांच्या उपचारात ही बाब महत्त्वाची ठरते.

वाहिनी आणि विकार

चेतातंतूकडून संदेश येताच स्नायुपेशीतील सोडियम वाहिन्या उघडतात, सोडियम आयन आत शिरतात आणि स्नायू आकुंचन पावतो. काही मिलिसेकंदांतच वाहिनी आपोआप निष्क्रिय होते. ही वाहिनी घडवणारे एससीएन४ए हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर असते. त्यातील काही उत्परिवर्तनांमुळे वाहिनी उशिरा किंवा अपुरी निष्क्रिय होते. परिणामी विद्युत्‌स्पंद पुनःपुन्हा उमटतात आणि आकुंचित स्नायू लवकर सैल होत नाही. या लक्षणाला मायोटोनिया म्हणतात.

जर्मन वैद्य आल्बेर्ट ऑयलेनबुर्ग यांनी १८८६ साली वर्णिलेल्या पॅरामायोटोनिया काँजेनिटा या विकारात थंडीने व वारंवार हालचालीने ताठरता वाढते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीतील पहाट कडाक्याची असते. अशा गारठ्यात या रुग्णाला मिटलेले डोळे किंवा आवळलेली मूठ उघडणेही कठीण होऊ शकते.

औषधाची क्रिया

बर्टिल हिल यांनी १९७७ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार बधिरकाचा रेणू विश्रांत वाहिनीपेक्षा उघड्या व निष्क्रिय वाहिनीला अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे वारंवार उघडणाऱ्या वाहिन्या अधिक प्रमाणात रोखल्या जातात. नेहमीच्या हालचालीला फारसा अडथळा न आणता अतिरिक्त स्पंद थांबवता येतात, ते याच कारणाने.

उत्परिवर्तनानुसार फरक

सर्व उत्परिवर्तनांवर परिणाम सारखा नसतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅरामायोटोनियाची दोन उत्परिवर्तने तपासली गेली: १४४८ व्या स्थानी आर्जिनीनऐवजी सिस्टीन आणि १३१३ व्या स्थानी थ्रिओनीनऐवजी मिथिओनीन. लिडोकेनच्या अवरोधावर या दोहोंचा प्रभाव परस्परविरुद्ध आढळला. विकार एकच असला तरी औषधाला मिळणारा प्रतिसाद निराळा असू शकतो, हे यावरून दिसते.

उपचार

लिडोकेन तोंडाने घेतल्यास यकृतात मोठ्या प्रमाणावर नष्ट होते. म्हणून त्याच्याशी रचनासाम्य असलेले मेक्सिलेटीन वापरले जाते. २०१२ साली ५९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात दिवसातून तीन वेळा २०० मिलिग्रॅम मेक्सिलेटीन घेतल्याने ताठरता कमी झाली. १३०६ व्या स्थानी ग्लायसीनऐवजी ग्लुटामिक आम्ल असलेल्या काही रुग्णांना मेक्सिलेटीनपेक्षा फ्लेकेनाइड अधिक उपयोगी पडले. त्यामुळे औषध निवडताना जनुकीय तपासणी मार्गदर्शक ठरू शकते. ही औषधे हृदयाच्या सोडियम वाहिन्यांवरही क्रिया करतात. म्हणून विद्युत्‌हृद्‌लेख (ईसीजी) काढून वैद्यकीय देखरेखीखालीच ती दिली जातात.

दक्षता

संपूर्ण भूल देताना वापरल्या जाणाऱ्या सक्सामेथोनियममुळे मायोटोनियाच्या रुग्णाचा जबडा व इतर स्नायू ताठरू शकतात आणि श्वसनात अडथळा येऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी हा विकार स्वतःला अथवा कुटुंबात असल्याची माहिती भूलतज्ज्ञांना देणे आवश्यक असते.