खाऱ्या पाण्यांतील इंजिनाचें धुराडें

सावद्यासारख्या केळीच्या गांवांतील माणसानें समुद्रावरील बोटीच्या धुराड्याविषयीं बोलावें, हें कित्येक श्रोत्यांस विचित्र वाटेल. तापीचें पाणी सुरतेजवळ समुद्रास मिळतें, एवढाच काय तो आमचा व खाऱ्या पाण्याचा संबंध. तथापि इंजिन आम्हांस परकें नाहीं. विजेचे पंप येण्यापूर्वीं खानदेशांत विहिरीवर तेलाचें इंजिन चाले आणि त्याची धुराची नळी छपरांतून सरळ वर गेलेली असे. पाऊस आंत जाऊं नये म्हणून तिच्या तोंडावर डबा उपडा घालावयाचा आणि कधींमधीं काजळी झाडावयाची. ह्यापलीकडे त्या नळीची निगा आम्हांस ठाऊक नव्हती. तसलेंच इंजिन सातपाटीच्या किंवा हर्णैच्या बोटींत बसलें कीं मात्र ही नळी त्याचा सर्वांत नाजूक अवयव होऊन बसते. असें कां व्हावें, हें आज पाहावयाचें आहे.

विहिरीवरील नळीभोंवतीं मोकळी हवा असते. ती तापली तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. बोटींत तिच्याभोंवतीं लांकूड, डिझेलची टांकी, दोरखंड आणि झोपलेलीं माणसें असतात. पूर्ण भारावर चालणाऱ्या डिझेल इंजिनाचा धूर बाहेर पडतांना ४०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक तापलेला असूं शकतो. ही उष्णता दोन प्रकारें आवरतात. एका प्रकारांत नळी कोरडीच ठेवून तिच्यावर जाड वेष्टन गुंडाळतात. पूर्वीं ह्या कामीं ॲस्बेस्टॉसची दोरी वापरीत. तिचे तंतु फुप्फुसांस घातक असल्यामुळें जुनें वेष्टन हातानें ओरबाडून काढण्याचा मोह टाळावा.

दुसरा प्रकार अधिक चतुराईचा आहे. पंपानें ओढून घेतलेलें समुद्राचें पाणी इंजिन गार करण्याचें काम संपलें कीं वायां न घालवितां धुराच्या नळींतच सोडतात. त्या फवाऱ्यानें धूर इतका निवतो कीं पुढें लोखंडी नळीऐवजीं रबरी होस पुरतो, आणि आवाजही दबतो. धूर व पाणी जेथें प्रथम भेटतात त्या वांकड्या तुकड्यास मिस्त्री एल्बो म्हणतात. माझ्या बोलण्याचा सारा रोख ह्या एका तुकड्यावर आहे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. चांगदेवापाशीं तापीस मिळणारी पूर्णा वऱ्हाडांत ज्या खारपाण पट्ट्यांतून येते, तेथील शेतकरी खाऱ्या विहिरीस कंटाळलेले आहेत. पण समुद्रापुढें ती विहीर गोडच म्हणावयाची! एल्बोंत एका अंगास तप्त धूर व दुसऱ्या अंगास हें पाणी. कडेचें पाणी आटतें, मीठ मागें राहतें, त्यावर काजळी बसते, आणि नळीचें तोंड आंतून अरुंद होत जातें. इंधनांतील गंधकाचें आम्ल त्यांत भर घाली. भारतांत १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधील गंधक दहा लक्ष भागांत १० भागांवर आणल्यामुळें तो जाच पुष्कळ कमी झाला आहे, मिठाचा मात्र रतिभरही नाहीं.

बिडाचा एल्बो पापुद्र्यांनीं झडतो. न गंजणाऱ्या पोलादाचा घेतला म्हणजे चिंता मिटली, असें पुष्कळांस वाटतें. परंतु ह्या पोलादाचें कवच प्राणवायूवर टिकतें. मिठाच्या थराखालीं प्राणवायु पोंचत नाहीं. तेथें बारीक छिद्रें पडतात, आणि बाहेरून चकचकीत दिसणारा तुकडा आंतून चाळणी झालेला असतो. जहाजाच्या तांब्याच्या पत्र्यास जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडून पत्रा वांचवितां येतो, हें हंफ्री डेव्ही ह्यानें १८२४ मध्यें दाखविलें. तोच उपाय आज इंजिनाच्या थंड पाण्याच्या भागांत वापरतात. परंतु जस्ताचें संरक्षण अखंड पाण्यांतूनच पोंचतें. एल्बोंत पाणी तुषारांच्या रूपानें असल्यामुळें तेथें त्याचा फारसा उपयोग होत नाहीं.

नळी तुंबूं लागली कीं इंजिन पूर्वीचे फेरे घेत नाहीं, काळा धूर टाकतें व तापतें. बहुतेकांचा संशय प्रथम डिझेलवर जातो. ह्याहून भय आहे तें पाणी उलट इंजिनांत शिरण्याचें. एल्बो आंतल्या आंत फुटला तर तें घडतेंच. पण धडधाकट नळींतूनही घडतें. इंजिन चालूं होत नाहीं, टोपलींतला बर्फ वितळत आहे, म्हणून तांडेल पुनःपुन्हां स्टार्टर मारीत राहतो. प्रत्येक वेळीं पंप सायलेन्सरमध्यें पाणी भरतो, आणि तें बाहेर ढकलावयास धूर मात्र नसतो. शेवटीं पाणी सिलिंडरांत जातें. पाणी दाबलें जात नाहीं. वांकतो तो कनेक्टिंग रॉड. अशा वेळीं पाण्याचा कॉक बंद ठेवावा, आणि इंजिन लागतांक्षणींच उघडावा, नाहींतर पंपांतील रबरी इम्पेलर कोरडा फिरून जळेल.

दुसरें भय माणसांचें आहे. सांध्यापाशीं काळा डाग दिसला कीं तेथून धूर गळतो असें समजावें. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. बंद केबिनमध्यें निजलेल्या खलाशाचें डोकें दुखतें, मळमळतें, आणि सोबती म्हणतात, बोट लागली! त्यास तत्काळ उघड्यावर न्यावें.

जून महिन्यांत मासेमारी थांबून बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात. तेव्हां जाळीं शिवलीं जातात, तळास रंग लागतो. धुराडें तसेंच राहतें. मीठ हवेंतील ओल शोषून घेतें आणि कोंकणांतील पावसाळी हवेंत तो थर महिनोन्महिने ओलाच असतो, म्हणजे इंजिन निजलें तरी गंज जागा असतो. म्हणून बोट ओढण्यापूर्वीं पिंपांत गोडें पाणी घेऊन, पंपाची नळी त्यांत सोडून इंजिन कांहीं वेळ चालवावें. बंद इंजिनास नळाचें दाबाचें पाणी जोडूं नये. तें वर सांगितलेल्या मार्गानेंच आंत शिरतें. मग सायलेन्सर रिकामा करावा, एल्बो उतरवून खरडावा, हातोडीनें हलकेंच ठोकून पाहावा, आणि आवाज बद्द आला तर तो पुन्हां चढवूं नये.

नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा इंजिन लावाल तेव्हां प्रथम बाहेर वांकून धुराबरोबर पाणी पडतें कीं नाहीं तें पाहा. पडत नसेल तर इंजिन बंद करून इम्पेलर काढा. त्याची पाती तुटलेली आढळली तर तो तुकडाही पुढच्या नळींतून शोधून काढा. तो तेथेंच अडकून राहिला तर नवा इम्पेलर बसवूनही पाणी कमीच येईल.