फिरंगी पातं, देशी मूठ

शेंदूरजनाघाटच्या माणसाला संत्र्याबद्दल शिकवायला जाऊ नये, हे आम्हाला कळतं. तरी एक गोष्ट सांगून टाकतो. विदर्भात संत्र्याची झाडं औरंगाबादेकडून आणली ती नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, असं सांगितलं जातं. हेच रघुजी १८०३ साली वऱ्हाडात इंग्रजांशी लढले, हरले आणि तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गमावून बसले. वर्धेच्या पश्चिमेचा म्हणजे आपल्याकडचाच, राजेहो! मुलूख गेला, संत्रं राहिलं.

तेव्हा भोसल्यांच्या काळातली हत्यारं पाहायला नागपूरला जाणं हे आपलं एका परीनं देणंच आहे. वरूड, जलालखेडा, काटोल आणि मग नागपूर, असा रस्ता आहे. सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाआधी अजब बंगल्यात.

बंगला खरंच अजब

सरकारी पाटीवर नाव ‘मध्यवर्ती संग्रहालय’ असलं तरी रिक्षावाल्याला अजब बंगलाच म्हणा. स्थापना १८६३ ची. मुंबईच्या म्युझियमची (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) कोनशिला बसली १९०५ साली. म्हणजे अजब बंगला मुंबईच्या या म्युझियमच्या चाळीसेक वर्षं पुढे आहे. हे वाक्य पाठ करून ठेवा, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांपुढे कामी येतं.

आत पेंढा भरलेले प्राणी आहेत, दगडी मूर्ती आहेत, आदिवासी कलेचं दालन आहे, चित्रं आहेत आणि शस्त्रं आहेत. बहुतेक मंडळी वाघ आणि मगर बघून शस्त्रांकडे वळतात आणि तलवारींपुढून ‘तलवार, तलवार, तलवार’ करत दोन मिनिटांत बाहेर पडतात. तसं करू नका. हत्यार कसं बघायचं ते थोडं सांगतो.

ढालीवर समोरच्या बाजूला चार फुलं असतात. ती नुसती शोभेची नव्हेत. आतून हात अडकवायच्या ज्या कड्या असतात, त्या ढालीच्या आरपार येऊन या फुलांखाली ठोकलेल्या असतात. म्हणजे फूल हे खरं तर खिळ्याचं झाकण. कट्यारीची मूठ आडवी असते, त्यामुळे ती सुरीसारखी धरायची नसते. मूठ आवळून ठोसा मारावा तशी चालवायची. पट्ट्याचं पातं लांब सरळ आणि मूठ म्हणजे कोपराकडे जाणारा लोखंडी हातमोजाच. मनगट वळवायची सोयच नाही, फिरवायचा तो अख्खा हात. आखाड्यात दांडपट्टा पाहिला असेल तर ते का, हे लगेच ध्यानात येईल. आणि बिचवा पाहिलात की नाव कुठून आलं ते विचारावं लागत नाही. बिच्चूच्या नांगीसारखा बाक आहे, बस्स.

सत्तेचाळीस लाखांची फिरंग

आता मुख्य मानकरी. २०२५ च्या एप्रिलात लंडनच्या सदबीज या लिलावघरात एक तलवार विक्रीला आली. पहिल्या रघुजी भोसल्यांची, म्हणजे नागपूरच्या गादीच्या मूळ पुरुषाची. महाराष्ट्र सरकारनं ती ४७ लाख १५ हजार रुपये मोजून घेतली आणि १८ ऑगस्ट २०२५ ला ती मुंबईत उतरली. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतरच्या लुटीत ती बाहेर गेली असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे.

या तलवारीचं पातं सरळ, एकधारी आणि युरोपात घडलेलं. अशा पात्याला आपल्याकडे फिरंग म्हणत. मूठ मात्र इथली, मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या पाण्यानं नक्षी केलेली आणि हिरव्या कापडात गुंडाळलेली. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणाऱ्या गावाला हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही! पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत नाव आहे: श्रीमंत रघोजी भोसले, सेनासाहेबसुभा, आणि पुढे ‘फिरंग’ हा शब्दही. मराठ्यांची हत्यारं बहुधा साधी असत. नक्षी आणि मालकाचं नाव दोन्ही असलेलं पातं विरळाच. म्हणून तर एवढी किंमत.

सेनासाहेबसुभा हा किताब सातारच्या शाहू छत्रपतींचा. किताबाच्या जोरावर म्हणा की हिमतीच्या, पहिल्या रघुजींनी १७४१ पासून दहा वर्षं बंगालवर स्वाऱ्या केल्या. शेवटी १७५१ साली नवाब अलीवर्दीखानानं ओडिशा सोडला आणि वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली. या धास्तीनं १७४२ साली कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला होता, त्याचं नावच ‘मराठा डिच’. काम अर्धवट राहिलं, मराठे त्या खंदकापर्यंत पोचलेच नाहीत आणि कलकत्तेकरांना मात्र ‘डिचर’ हे टोपणनाव चिकटलं. पुढे खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ आजही आहे. बंगाली आया पोरांना निजवताना बारगीरांची भीती घालत आल्या, ते बारगीर म्हणजे आपल्याच मुलखातून गेलेले घोडेस्वार. अभिमानानं सांगायची गोष्ट आहे का? तलवारीची धार कुणाच्या मानेवर पडली हेही म्युझियममध्ये लिहिलेलं असावं, असं आम्हाला वाटतं.

आणखी एक दैवगती पाहा. १८५३ साली तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, डलहौसीनं राज्य खालसा केलं आणि भोसल्यांचे दागदागिने कलकत्त्यात लिलावाला निघाले. ज्या शहरानं त्यांना भिऊन खंदक खणला, त्याच शहरात!

वाघनखांची पेटी चुकली

२०२५ सालीच अजब बंगल्यात एक पाहुणा येऊन गेला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी म्हणून जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली आणि तिथून फेब्रुवारीत नागपूरला. ही वाघनखं विलायतेला नेली साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यानं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच हा डफ. अफझलखानाला फाडलं ती हीच का, याची खात्री देता येत नाही, असं खुद्द लंडनचं म्युझियम म्हणतं. गंमत पेटीवरच्या इंग्रजी मजकुरात आहे. त्यात ‘मोगल सेनापतीला मारलं’ असं लिहिलंय. अफझलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशहाचा सरदार, हे आपल्याकडे चौथीतलं पोरगं सांगेल. पेटी पाहायला मिळाली तर वाघनखांइतकाच वेळ त्या मजकुरालाही द्या.

छत नसलेलं म्युझियम

खरं सांगायचं तर आपल्या भागातलं लष्करी इतिहासाचं सगळ्यात मोठं दालन चिखलदऱ्याला आहे, आणि त्याला ना छत, ना काचेची कपाटं. गाविलगड. बहामनी सुलतान अहमदशहानं १४२५ च्या सुमारास बांधलेला आणि पुढे इमादशाहीचा संस्थापक फतहउल्ला इमादउल्मुल्क यानं वाढवलेला.

या गडाच्या दरवाजावर एक शिल्प आहे: दोन तोंडांचा पक्षी, नखांत हत्ती धरलेले. हा गंडभेरुंड. मुसलमान सुलतानाच्या गडावर विजयनगरच्या बाजूचं हे चिन्ह काय करतंय? फतहउल्ला जन्मानं विजयनगरकडचा हिंदू होता, लहानपणी पकडून आणलेला, अशी नोंद जुन्या तवारिखांत आहे. शिल्प पाहताना एवढं ठाऊक असलं की दगड बोलायला लागतो. कलादालन वेगळं आणि शस्त्रदालन वेगळं ही वाटणी म्युझियमवाल्यांची आहे. गडावर दोन्ही एकाच भिंतीत आहेत.

१८०३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात इथे जे झालं ते पंधरवड्याभराचं नाटक आहे. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई. इंग्रजांकडचा सेनापती आर्थर वेलस्ली. तोफा सुरू होताच त्याच्या पलटणी बिचकून मागे पळाल्या. त्याच पलटणी दोन महिन्यांपूर्वी असईला शर्थीनं लढलेल्या! त्यानं त्या कशाबशा वळवल्या आणि संध्याकाळपर्यंत शिंदे-भोसल्यांच्या ३८ तोफा हाती घेतल्या. पाठलाग चांदण्यात चालला. मग गाविलगड. कर्नल स्टीव्हनसननं अवजड तोफा डोंगरातून वाट करत करत गडाच्या उत्तरेला ओढून नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरचा कोट पडला. आतल्या कोटाला कॅप्टन कॅम्पबेलनं शिड्या लावल्या आणि खेळ संपला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. तहात एक मजेदार कलम आहे. वर्धेच्या पश्चिमेचा सगळा मुलूख गेला, पण गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले भोसल्यांना परत मिळाले.

बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकारानं गाविलगडच्या वेढ्यावर ‘शार्प्स फोर्ट्रेस’ नावाची अख्खी कादंबरी लिहिली आहे. विलायतेत ती खपली. आपल्याकडे चिखलदऱ्याला जाणारा माणूस मात्र एखाद्या पॉईंटवर मक्याचं कणीस खाऊन परत फिरतो.

नरनाळ्याचं थोडक्यात. अकोट तालुक्यात, मेळघाटच्या जंगलात. तिथल्या महाकाली दरवाजावरचं अक्षरकाम आणि दगडी कमळं १४८७ ची आहेत. वऱ्हाडातलं सगळ्यात देखणं दार कोणतं, तर हे, आमच्या मते वादच नाही. वर नऊगजी तोफ आहे. पोरांना तीच आवडते.

लंडनमधलं आपल्या वाटणीचं घर

हा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. त्याचं लंडनमधलं घर, अ‍ॅप्सली हाऊस, आता म्युझियम आहे. लढाया आणि चित्रकला एका छपराखाली पाहायची तर याच्यासारखी जागा नाही.

जिन्यापाशी उभा आहे तो नेपोलियन. संगमरवरी, अकरा फुटांच्या वर आणि बहुतांशी उघडा. शिल्पकार कानोव्हा. पुतळा नेपोलियनला स्वतःलाच आवडला नाही, त्यानं लपवून ठेवला. त्याच्या पराभवानंतर ब्रिटिश सरकारनं विकत घेतला आणि ज्यानं त्याला हरवलं त्यालाच भेट दिला! घरात हरलेल्या शत्रूचा पुतळा ठेवून त्याच्यापुढून रोज जिना चढायचा, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

भिंतींवर व्हेलास्केझ, कोरेज्जो अशी मोठी नावं आहेत. ही चित्रं वेलिंग्टननं बाजारात घेतली नाहीत. १८१३ साली स्पेनमधल्या व्हितोरियाच्या लढाईत नेपोलियनचा भाऊ जोसेफ पळाला. त्याच्या मागे राहिलेल्या बग्गीत स्पेनच्या राजवाड्यातली दोनशेच्या वर चित्रं सापडली, त्यातली कित्येक चौकटीतून काढून गुंडाळलेली. वेलिंग्टननं ती परत करायची तयारी दाखवली. स्पेनच्या राजानं ‘असू द्या तुमच्याकडेच’ म्हटलं. गोयानं काढलेलं वेलिंग्टनचं घोड्यावरचं चित्रही तिथेच आहे. क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा कळलं की खाली आधी दुसऱ्याच कुणा स्वाराचं चित्र होतं. गोयानं त्यावरच वेलिंग्टनचं डोकं रंगवलं. राज्य बदललं, घोडा तोच.

आणि याच घरात एक चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला जेवणाचा मोठा सरंजाम आहे. नाव ‘डेक्कन सर्व्हिस’. दख्खनच्या मोहिमेत त्याच्या हाताखाली लढलेल्या अधिकाऱ्यांनी साहेबाला दिलेली भेट. दख्खनची मोहीम म्हणजे असई, अडगाव आणि गाविलगड. आपल्याकडचं कुणी पोरगं शिकायला लंडनला असेल तर त्याला सांगा, त्या ताटांमध्ये वऱ्हाडचा वाटा आहे, बघून ये.

जाता जाता

मुंबईचं म्युझियम बांधून तयार झालं ते पहिल्या महायुद्धात. त्यामुळे वस्तू मांडण्याआधी तिथे जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. लोकांसाठी दारं उघडली १९२२ मध्ये. अहिल्यानगरला १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे रोल्स-रॉइसच्या चॅसीवर उभारलेली चिलखती गाडीही बघायला मिळते. साताऱ्याजवळच्या औंधला पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही. एवढ्याशा गावात मूर! शेंदूरजनाघाटनं यातून काय घ्यायचं ते घ्यावं. भोसल्यांची फिरंग काही इथे येणार नाही. पण कलमं कशी बांधतात, कोणती हत्यारं लागतात, ती कोणत्या लोहारानं घडवली, याची एक खोली तर मांडता येईल.

निघण्याआधी तारीख पाहून घ्या. अजब बंगला सोमवारी बंद असतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच आम लोकांना खुला असतो. नरनाळ्याला वनखात्याची परवानगी लागते. संत्रावाल्यांनी १ मे धरावा, मृगाचा माल तोवर उतरलेला असतो. डोक्याला दुपट्टा मात्र बांधून निघा, नागपूरचं ऊन आहे ते.