मजकुराविना कथा

शिरपूरसारख्या तालुक्याच्या कसब्यात, जेथे कापसाचा भाव, तापीचे पाणी आणि आग्रा रस्त्यावरील रहदारी हेच चर्चेचे मुख्य विषय असतात, तेथे आधुनिक चित्रकला पोहोचली ती बव्हंशी वाचनालयाच्या मेजावर पडलेल्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून. आणि या वाटेने आलेल्या चित्रकारांत शिवराम दत्तात्रेय फडणीस यांचे स्थान, माझ्या मते, अव्वल आहे.

29 जुलै 1925 रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज येथे जन्मलेले फडणीस कोल्हापुरात शिकले आणि पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले. जाहिरातीचे चित्र रस्त्याने जाणाऱ्याला क्षणार्धात कळले पाहिजे, ही त्या विद्येची पहिली अट. तिचे संस्कार त्यांच्या स्वच्छ, अखंड रेषेवर आणि सपाट, प्रसन्न रंगांवर कायम राहिले. 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' या मासिकांचे संपादक अनंत अंतरकर यांनी त्यांच्यातील विनोदाची जात ओळखली व त्यांच्याकडून आग्रहाने मुखपृष्ठे काढून घेतली. संपादकाची नजर अशी असली म्हणजे मासिकाचे केवढे भाग्य उजळते, हे आजच्या संपादकांनी मनावर घेण्यासारखे आहे.

पन्नासच्या दशकाच्या आरंभीचे 'मोहिनी'चे एक मुखपृष्ठ तर मराठी वाचकांच्या स्मरणातून गेलेलेच नाही. एक तरुण आणि एक तरुणी. त्याच्या बुशशर्टावर मांजरांची नक्षी, तिच्या साडीवर उंदरांची. एवढेच. पण कापडावरची ती निर्जीव मांजरे त्या उंदरांकडे पाहू लागतात आणि माणसांच्या मनातील जी गोष्ट सभ्यतेच्या पडद्याआड राहिली असती तिचा बोभाटा त्यांचे कपडेच करून टाकतात. येथे कथेचा मध्यबिंदू तेवढा रेखाटलेला आहे. आधी काय घडले आणि पुढे काय घडेल, हे पाहणाऱ्याने आपल्या मनाशी रचायचे.

या चित्रांखाली बहुधा एक अक्षरही नसते, आणि आमच्या मुलखात त्याचे मोल विशेष आहे. घरी अहिराणी, शेजारी गुजरी, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि कचेरीत दप्तरी मराठी, असा जेथे रोजचा व्यवहार, तेथे चित्राचा विनोद समजून घेण्यासाठी ना दुभाषा लागतो ना खुलासा. शब्दनिष्ठ कोटी एका बोलीतून दुसरीत नेताना मरते. फडणिसांचे मांजर मात्र कोणत्याही घरात मांजरच राहते.

त्यांच्या विनोदाला दात नाहीत, राजकारणापासून तो दूर राहतो, अशी फिर्याद कधीकधी केली जाते. ती पूर्णतः निराधार नाही. सत्ताधीशांचा पंचनामा हवा असेल त्याने अन्यत्र जावे. तथापि गंभीर चेहऱ्याने हास्यास्पद कृत्य करणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाचे इतके मायाळू आणि इतके अचूक निरीक्षण करणारे हात थोडे. अशाच सामान्य माणसाच्या जगाकडे पाहत मुंबईत जन्मलेल्या व बडोद्यात स्थिरावलेल्या चित्रकार भूपेन खक्कर यांनी 1972 मध्ये 'जनता वॉच रिपेअरिंग' रंगवून घड्याळजीच्या दुकानाला कॅनव्हासवर मिस्कील प्रतिष्ठा दिली, आणि पुढे त्यांची चित्रे लंडनच्या टेट संग्रहालयापर्यंत गेली. खक्करांची झेप मोठी व त्यांची वेदनाही निराळी, हे मान्य. पण एकाला चित्रकार आणि दुसऱ्याला मासिकांचा सजावटकार ठरवणाऱ्या निवाड्यात चित्रापेक्षा ते टांगले कोठे याचाच विचार अधिक झालेला दिसतो.

फडणिसांनी स्वतः हा कज्जा फारसा मनावर घेतल्याचे दिसत नाही. 'हसरी गॅलरी' या नावाने त्यांनी चित्रांची प्रदर्शने भरवली, 'चित्रहास' या कार्यक्रमातून रेषेतून हसू कसे उमटते ते प्रेक्षकांना दाखवले आणि 'रेषाटन'मध्ये आपला प्रवास लिहून ठेवला. शिवाय शाळेच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही त्यांनी चित्रे काढली. बेरीज-वजाबाकीच्या धाकाने हिरमुसलेल्या पोरांना त्या पानांवर चित्रकाराचे नाव ठाऊक नसतानाही हसू आले असेल, तर कलादालनाच्या दाखल्याची त्या चित्रांना गरज ती काय?