नळीची वाट आणि झडपेचा प्रश्न

'कॅथेटर लावला' असे घरात कोणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लघवीची नळी येते. यात हसण्यासारखे काही नाही. माणसाच्या हृदयापर्यंत पोहोचलेली ती प्रसिद्ध नळी मुळात मूत्रविकारांसाठीच बनवलेली होती. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने, वरिष्ठांची मनाई डावलून, ती स्वतःच्या कोपराजवळच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर आत सरकवली आणि तसाच चालत क्ष-किरण खोली गाठली. १९५६ साली त्याला नोबेल मिळाले तेव्हा तो मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून काम करीत होता!

पुढचा इतिहास वाचकांना बराचसा ठाऊक असेल. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याने करोनरी धमनी रुंद केली. मग स्टेंट आले. भारतात २०१७ साली सरकारने औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत सुमारे तीस हजारांवर बांधली, तोपर्यंत काहींसाठी लाखाच्या वर मोजावे लागत. २००२ साली फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिये यांनी छाती न उघडता, नळीतूनच महाधमनीची नवी झडप बसवली. आज तिला 'टावी' म्हणतात, आणि या उपचारांचे भवितव्य म्हणून बहुधा तीच दाखवली जाते.

मला शंका आहे ती इथे. टावीची झडप वार्धक्यासाठी घडवलेली आहे. म्हातारपणी जुन्या झडपेवर कॅल्शियम साचते आणि त्या कडक कडेलाच नवी झडप घट्ट धरून राहते. आपल्याकडे मात्र झडपेचा आजार अनेकदा तरुणपणीच गाठतो. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा सुजतो, दुर्लक्ष होते, सांधे धरतात, ताप येतो. जंतूंशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरही उलटते. हाच ऱ्हुमॅटिक ताप. पुढे काही वर्षांत डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या पाकळ्या कडेने एकमेकींना चिकटतात. चार ते सहा चौरस सेंटिमीटरचे दार दीडवर, कधी एकाच्याही खाली येते. रक्त मागे फुफ्फुसात तुंबते. बाईला दिवस राहिले की शरीरातले रक्त जवळजवळ दीडपट होते, आणि एरवी कशीबशी निभावणारी ही झडप तेव्हा हार मानते. धाप लागते, आडवे झोपवत नाही. घरचे म्हणतात, पहिलटकरणीला असे व्हायचेच.

या आजारासाठीची नळी जपानी शल्यविशारद कांजी इनोउए यांनी १९८०च्या दशकात दिली. जांघेतल्या शिरेतून ती हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात जाते, मधला पडदा सुईने भेदून डाव्या कप्प्यात उतरते. तिच्या टोकाचा फुगा टप्प्याटप्प्याने फुगतो. आधी पुढचा भाग फुगवून तो झडपेपाशी मागे ओढतात; मग मागचा फुगतो, म्हणजे फुगा डमरूसारखा झडपेत अडकतो; शेवटी मधली कंबर फुगते आणि चिकटलेल्या कडा सुटतात. फुगा फुगलेला असतो तो काही सेकंदच. रुग्ण बहुतेकदा जागा असतो. दार साधारण दुप्पट होते. आयुष्यभर शरीरात ठेवावे लागेल असे काहीही मागे राहत नाही, आणि मला या उपचाराचे सर्वांत मोठे शहाणपण यातच वाटते.

अर्थात झडप फार कडक झाली असेल, गळत असेल किंवा कप्प्यात रक्ताची गुठळी असेल तर फुगा चालत नाही. काहींच्या पाकळ्या वर्षांनी पुन्हा चिकटतात. मग शस्त्रक्रिया. धातूची झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर लागते, आणि ती गरोदरपणात गर्भाला घातक ठरू शकते. प्राण्यांच्या ऊतींची झडप ही गोळी टाळते, पण तरुण शरीरात लवकर निकामी होते. म्हणजे पंचविशीतल्या बाईपुढे दोन्ही वाटा अवघड.

म्हणून केप टाउनमधील संशोधकांचे प्रयत्न मला महत्त्वाचे वाटतात. कॅल्शियमच्या आधाराशिवाय बसेल, तरुणाच्या शरीरात टिकेल आणि गरीब देशांना परवडेल अशी, प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाची झडप नळीतून बसवण्याचा त्यांचा उद्योग आहे. गुजरातेत वापीला टावीच्या झडपा बनतात, तेव्हा कारागिरीची उणीव आपल्याकडेही नाही. प्रश्न आहे तो कोणत्या रुग्णासाठी बनवायचे याचा.

तोवर जुने साधन हाताशी आहे: एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन, तेही कित्येक वर्षे. औषध स्वस्त आहे. बाजारात ते नेहमी मिळतेच असे नाही, आणि रिअ‍ॅक्शनच्या भीतीने काही डॉक्टर ते द्यायला कचरतात.