टाऊन हॉल दुरुस्त होईल, पण भाडे किती?

मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो की फोर्टातला टाऊन हॉल फार लांब नाही. 1833 ची इमारत. आज तिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे.

उरणच्या खाऱ्या हवेत जुन्या भिंतींना सिमेंट फासणे म्हणजे त्या मारणेच. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडते. मग आतले मीठ फुलते आणि दगड सोलतो. म्हणून दुरुस्ती चुन्यानेच व्हावी, हा आमचा आग्रह. रॅम्प, स्वच्छतागृह, अभ्यासिकाही हवीच.

पण भाडे आधी ठरवा. 9 मार्च 1924 रोजी बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा बोलावली, त्यातूनच बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. हॉल परवडला नाही, तर आपल्या पोरांनी सभा घ्यायची कुठे? भीमजयंतीचा दर आम्ही पहिल्याच बैठकीत विचारणार आहोत.