सन १८४७ चा ज्वर आणि आयर्लंडचे निर्वासित

‘क्वारंटीन’ हा शब्द आपल्या घरांत नवा नाहीं. १८९७ सालच्या प्लेगांत पुण्यामुंबईच्या लोकांनीं तो भीतभीत उच्चारला, आणि २०२० सालीं तो शाळेंतील लहान मुलांच्याहि तोंडीं बसला. चाळीस दिवस या अर्थाच्या इटालियन शब्दांपासून तो निघाला असून, साथीच्या मुलखांतून आलेलें जहाज तितके दिवस बंदरापासून दूर उभें करण्याची जुनी चाल त्याच्या मुळाशीं आहे. ही चाल शहाणपणाची आहे यांत शंका नाहीं. परंतु त्या दिवसांत जहाजावरील माणसांचें काय होतें, हा प्रश्न किनाऱ्यावरील मंडळीस क्वचितच सुचतो. तो ज्यांस सुचला, व कित्येकांनीं ज्यापायीं प्राणहि वेंचले, अशा कांहीं धर्मगुरूंची व धर्मभगिनींची हकीकत आम्ही येथें देत आहों.

१८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि पुढल्या वर्षीं तर जवळजवळ सर्वच पीक नासलें. ज्या कुळांचें पोट केवळ बटाट्यावर चाले, त्यांस खंड देतां येईना. जमीनदारांनीं कित्येकांस घराबाहेर काढलें. कांहीं जमीनदारांनीं तर पदरचें भाडें भरून त्यांस जहाजावर चढवून दिलें, कारण गरिबांस पोसण्याच्या करापेक्षां तें स्वस्त पडे. संयुक्त संस्थानांनीं प्रवासी जहाजांचे नियम कडक केल्यामुळें १८४७ सालीं हा लोंढा मोठ्या प्रमाणावर कॅनडाकडे वळला. त्या एका वर्षांत सुमारें एक लाख माणसें तिकडे निघालीं. त्यांचीं जहाजें पुष्कळशीं लाकूड वाहणारीं होतीं. कॅनडाहून इमारती लाकूड आणावें आणि परततांना त्याच पोकळींत माणसें भरावीं, असा तो व्यापार होता.

सेंट लॉरेन्स नदींत, क्वेबेक शहराच्या खालीं सुमारें ४८ किलोमीटरांवर, ग्रोस ईल नांवाचें एक लहान बेट आहे. १८३२ च्या कॉलऱ्याच्या वेळीं तेथें क्वारंटीन स्थापन झालें होतें. तेथील मुख्य वैद्याधिकारी डॉक्टर जॉर्ज डग्लस यांनीं येणाऱ्या संकटाचा अंदाज करून सरकारकडे ३,००० पौंड मागितले, मिळाले ३००. मे महिन्याच्या मध्यास ‘सिरिया’ हें पहिलें जहाज आलें तेव्हां रुग्णालयांत सुमारें दोनशें रोग्यांचीच सोय होती, आणि महिना संपण्याच्या आंत नदींत चाळीसएक जहाजांची रांग लागली. किनाऱ्यावर जागा नसल्यामुळें निरोगी माणसांसहि रोग्यांबरोबर त्याच अंधाऱ्या तळघरांत दिवसचे दिवस बसवून ठेवण्यांत आलें.

येथें या ज्वराविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. हा टायफस होय; त्यास त्या काळीं जहाजी ताप असें म्हणत. तो दूषित हवेनें होतो अशी तेव्हांच्या विद्वानांची समजूत होती. अंगावरील कपड्यांत राहणारी ऊ हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे नेते, हें शार्ल निकोल यांनीं ट्यूनिस येथें १९०९ सालीं दाखवून दिलें, आणि त्याबद्दल त्यांस पुढें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्वरानें तापलेलें किंवा मृत्यूनें थंड पडलेलें शरीर सोडून ऊ जवळच्या दुसऱ्या माणसाच्या अंगावर जाते. म्हणजे धुण्यास पाणी नाहीं, बदलण्यास वस्त्र नाहीं, आणि एका फळीवर तिघे निजलेले, अशा जागीं निरोगी मनुष्यास कोंडणें हें रोग अडविण्याचें साधन नसून रोग वाढविण्याचें होतें. ही गोष्ट शास्त्रानें सिद्ध होण्यापूर्वीं बासष्ट वर्षें, केवळ डोळ्यांनीं पाहून, कांहीं धर्मगुरूंस उमगली.

फादर बर्नार्ड मॅकगॉरन हे तरुण धर्मगुरु बेटावर प्रथम गेले. त्यांच्यामागून त्या उन्हाळ्यांत चाळीसांहून अधिक कॅथॉलिक धर्मगुरु तेथें पाळीपाळीनें राहिले. मरणोन्मुखाचें पापनिवेदन ऐकावयाचें म्हणजे कान त्याच्या ओठांशीं न्यावा लागतो. जहाजाच्या तळांत वांकून, एकाच्या मागें एक शंभर माणसांपाशीं असें करणारास ताप येणें अटळ होतें. मॅकगॉरन स्वतः आजारी पडून वांचले. त्यांचे कांहीं सोबती वांचले नाहींत. हें एकट्या कॅथॉलिकांचें श्रेय नव्हे. अँग्लिकन धर्मगुरूहि तेथें गेले, त्यांचे बिशप जॉर्ज माउंटन जातीनें गेले, आणि त्यांच्यापैकींहि कांहीं जण या तापानें वारले.

परंतु शेवटचे संस्कार देऊन ते स्वस्थ बसले नाहींत. जुलै महिन्यांत कॅनडाच्या कायदेमंडळाच्या समितीनें चौकशी आरंभिली, तेव्हां फादर मॉयलन व फादर ओरायली यांनीं तिच्यापुढें साक्ष दिली. रोग्यांस तासन् तास पाणी मिळत नाहीं. निजण्याच्या फळ्या एकावर एक असल्यामुळें वरच्याची घाण खालच्यावर पडते. मृताचें प्रेत रात्रभर जिवंत सोबत्याच्या शेजारीं राहतें. निरोग्यांस रोग्यांपासून निराळें ठेविलें पाहिजे, अशा प्रकारच्या त्या साक्षी आहेत. त्यांत अलंकार नाहीं, कोणास दूषण नाहीं. पाहिलेलें तेवढेंच सांगितलें आहे. आमच्या मतें सरकारच्या मनावर परिणाम होण्यास अशीच साक्ष लागते.

त्याच सुमारास क्वेबेकचे आर्चबिशप सिन्याय यांनीं आयर्लंडच्या बिशपांस पत्र लिहिलें, आणि आपल्या लोकांस या प्रवासापासून परावृत्त करावें अशी विनंति केली. ही गोष्ट वाचून आमच्या मनांत प्रथम किंतु आला. दारांत आलेल्याची बाजू घेणें आणि येऊं पाहणारास येऊं नको म्हणणें, हीं एकाच मुखांतून कशीं निघावीं? पण नदींत काय चाललें आहे हें जाणून जर त्यांनीं मौन धरलें असतें, तर तें अधिक वाईट झालें असतें. अर्थात् घरीं राहून उपाशीं मरावें कीं जहाजावर तापानें मरावें, याचा निर्णय त्या पत्रानें झाला नाहीं. तो भुकेनें आधींच केला होता.

जे बेटावरून सुटले ते नदीच्या वर माँट्रियलला पोहोंचले व रोगहि त्यांच्याबरोबर पोहोंचला. पॉइंट सेंट चार्ल्स येथें त्यांच्यासाठीं लाकडी छपरें उभारलीं होतीं. ‘ग्रे नन्स’ या धर्मभगिनींच्या मठाच्या प्रमुख मदर एलिझाबेथ मॅकमलन स्वतः जाऊन तीं छपरें पाहून आल्या, सरकारी अधिकाऱ्याची परवानगी त्यांनीं मिळविली, आणि मठांत परतून हकीकत सांगितली. जाण्यास तयार असणाऱ्यांची वाण पडली नाहीं. पुढें त्यांच्यापैकीं सुमारें तीस जणी आजारी पडल्या आणि सात वारल्या. त्यांची जागा दुसऱ्या संघाच्या भगिनींनीं घेतली. अखेर बिशप बूर्जे यांनीं मठाबाहेर पाऊल न टाकण्याचें व्रत घेतलेल्या भगिनींनाहि बाहेर येण्याची मोकळीक दिली. बिशपांस स्वतःस ताप येऊन गेला. शहरांतील क्षुब्ध जमाव हीं छपरें नदींत लोटून देण्याची भाषा बोलूं लागला, तेव्हां त्यास आवरणारे नगराध्यक्ष जॉन मिल्स हे १२ नोव्हेंबर रोजीं याच तापानें वारले. पुण्याच्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई फुले निवर्तल्या, याची येथें आम्हांस आठवण झाली.

टोरोंटो येथें तर बिशपच गेले. मायकेल पॉवर हे त्या प्रांताचे पहिले बिशप. सुमारें वीस हजार वस्तीच्या त्या गांवांत त्या वर्षीं ३८,००० हून अधिक निर्वासित उतरले. हाताखालचे धर्मगुरु आजारी पडल्यावर पॉवर स्वतः छपरांत जाऊं लागले आणि १ ऑक्टोबर रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचें वय अवघें बेचाळीस वर्षांचें होतें.

मागें राहिलीं तीं मुलें. क्वेबेकमध्यें कॅथॉलिक स्त्रियांच्या एका धर्मादाय मंडळीनें सहाशेंवर पोरक्या मुलांस आश्रय दिला, आणि फादर काझो यांनीं गांवोगांवच्या फ्रेंच कुटुंबांत त्यांची सोय लाविली. मुलांस फ्रेंच येत नव्हतें, घरच्यांस आयरिश भाषा किंवा इंग्रजी येत नव्हती. पुष्कळांनीं आपलीं आयरिश आडनांवें राखलीं. त्यामुळें आजहि त्या प्रांतांत फ्रेंच बोलणारे रायन आढळतात. ही कथा गोड करून सांगण्याचा मोह होतो; पण सारींच मुलें लाडाकोडांत वाढलीं असें नव्हे. कांहींस शेतावरील कामाचा हात म्हणून नेलें, आणि कित्येक भावंडांची ताटातूट झाली.

हा वाद १८४७ सालीं मिटला असें कोणी समजूं नये. २० मार्च २०२० रोजीं संयुक्त संस्थानांच्या सरकारनें १९४४ च्या आरोग्यविषयक कायद्याचा आधार घेऊन, सीमेवर आश्रय मागणारांस सुनावणीवांचून परत लावण्याचा हुकूम काढला. ‘टायटल ४२’ या नांवानें ओळखला जाणारा हा हुकूम ११ मे २०२३ पर्यंत चालला. तेथील कॅथॉलिक बिशपांनीं त्यास उघड विरोध केला. करोनाचा रोग खरा होता, भीतीहि खरी होती. परंतु मालाच्या मोटारी त्या सीमेवरून रोज जात येत होत्या, आणि या वेळीं रोग कशानें पसरतो हें ठाऊक होतें. १८४७ च्या अधिकाऱ्यांस अज्ञानाची सबब तरी होती.

१८५९ सालीं माँट्रियलला नदीवर व्हिक्टोरिया पूल बांधीत असतां मजुरांस, ज्यांत आयरिश लोक पुष्कळ होते, त्या छपरांजवळच्या दफनभूमीचा पत्ता लागला. त्यांनीं नदीच्या तळांतून काढलेली एक प्रचंड काळी शिळा तेथें उभी केली, आणि जहाजी तापानें मेलेल्या सहा हजार देशांतरितांच्या अस्थींस कोणी धक्का लावूं नये अशा अर्थाचा लेख तिच्यावर कोरविला. ही शिळा हमरस्त्याच्या मधोमध असून तिच्या दोन्ही बाजूंनीं मोटारी धांवत असतात.